आईच्या हाताची खूण बघायला घेतलेला कॉम्प्युटर

लोक व्हिडिओ एडिटिंगसाठी भारी कॉम्प्युटर घेतात तेव्हा त्यामागे धंदा असतो, हौस असते, निदान शेजाऱ्याने घेतला म्हणून झालेली जळजळ तरी असते. आमच्या घरात तो मावशीच्या रुसव्यामुळे आला.

मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. ती गिरगावात चाळीत राहते आणि आम्ही लालबागला, जुनी चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये, जिथे लिफ्ट प्रशस्त आहे आणि घरं लिफ्टएवढी. दोघी बहिणींचा रोज सकाळी भाजी चिरताना फोन चालायचा. फोन ओट्यावर, स्पीकर चालू, आवाज शेजाऱ्यांनाही पुरेल एवढा. "काय करतंस?" "भेंडी." "मी पण भेंडीच." मग बराच वेळ दोन्हीकडून फक्त सुरीचा कट्‌कट्‌ आवाज यायचा. यात काय गोडी आहे हे मला कधी कळलं नाही. मी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ कापत बसलेली असायचे आणि चिडचिड करायचे. माझा धंदाच तो आहे. लोक लग्न करतात, मी ते तीन मिनिटांचं करते.

मग धाकट्या भावाचं लग्न आलं. दादरच्या एका हॉलमध्ये झालं, सगळं नीट झालं, आणि फॅमिली फोटोच्या वेळी घोटाळा झाला. आई स्टेजवर उभी होती. मावशी खाली पायरीशी उभी होती. आईने हाताने काहीतरी खूण केली. मावशी वर आली नाही. फोटो निघाला, त्यात मावशी नाही. ती न जेवता निघून गेली आणि संध्याकाळी 'माहेर' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडली. त्या ग्रुपमध्ये आधीपासून दोघीच होत्या.

मावशीचं म्हणणं आम्हाला मामाकडून कळलं. "भर हॉलात माका हातान हाकलल्यान. कुत्र्याक हाकलतत तशी." आईचं म्हणणं आम्हाला दिवसभर कळत होतं. "मी तिला बोलावलं! असा हात केला, असा! हा हाकलायचा हात आहे का? तूच सांग." असं म्हणून ती हात करून दाखवायची. खरं सांगायचं तर तो हात बघून मलाही कधी जवळ जावंसं वाटायचं, कधी लांब.

ओट्यावरचा फोन गप्प झाला. आई मुकाट्याने भाजी चिरू लागली आणि थोड्या दिवसांत तिला ते असह्य झालं, म्हणून ती मावशीशी जे बोलायची ते माझ्याशी बोलू लागली. मी कामात असताना दारात येऊन म्हणायची, "पडवळ घेतलंय." यावर माणसाने काय उत्तर द्यावं? "बरं," मी म्हणायचे. "बरं काय? ती बरं नाही म्हणायची." मग काय म्हणायची ते काही सांगायची नाही, तशीच उभी राहायची. मला पहिल्यांदा तिची कीव आली ती त्या पडवळाच्या दिवशी.

"तुझ्याकडे व्हिडिओ आहे ना?" एक दिवस आई म्हणाली. "मला दाखव. माझा हात दाखव. तो तिला पाठव. मग बघू ती काय बोलते."

व्हिडिओ होता. माझ्या एका मित्राने लग्नाची भेट म्हणून स्वतःच्या नव्याकोऱ्या एट-के कॅमेऱ्यावर सगळं शूट केलं होतं आणि एडिटिंग घरचंच म्हणून माझ्यावर सोडलं होतं. एट-के म्हणजे चित्र एवढं बारीक आणि मोठं की हॉलच्या टोकाला उभ्या माणसाच्या शर्टाचं बटण तुटलेलं असेल तर तेही दिसावं. माझा जुना कॉम्प्युटर ही फाईल उघडल्यावर आधी घुं घुं करू लागला, मग तापला, आणि मग पडद्यावर एक चित्र आणून ठेवून बसला. ते चित्र नेमकं आई हात अर्धा वर उचलते तिथलं होतं. बोलावतेय का हाकलतेय, काही पत्ता नाही. आई स्टूल घेऊन समोर बसली आणि वाट बघू लागली. "आता हात हलेल," ती म्हणाली. तिने तिथे बसून अख्खा लसूण सोलला. हात हलला नाही.

मी मग धंद्यातली नेहमीची युक्ती केली. मोठ्या फाईलची एक हलकी, कमी दर्जाची नक्कल काढली. ती चालली. पण तीत आईचा हात पुसट झाला होता आणि मावशी म्हणजे जांभळा डाग होता. "हा माझा हात?" आई म्हणाली. "माझ्या बांगड्या कुठे गेल्या? हे पाठवलं तर ती म्हणेल, बांगड्या काढून मला हाकललं."

म्हणजे नवा कॉम्प्युटर घ्यायलाच हवा होता. तसा मला तो कामासाठी हवाच होता, पण स्वतःच्या कामासाठी काही मागितलं की आमच्या घरात "बघू" असं उत्तर मिळतं. बहिणीशी भांडण म्हटल्यावर आईने तिचं शिवणयंत्र कोपऱ्यातून हलवून तिथे जागा केली. त्या यंत्राला तिने आयुष्यात कोणाला हात लावू दिला नव्हता.

तिला मी समजावून सांगितलं की प्रोसेसर म्हणजे स्वयंपाकीण, रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे डबे ठेवायची फळी आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे हाताखालच्या बायका. एट-के म्हणजे घरात एकदम शंभर माणूस जेवायला. आईला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी ती लिफ्टमध्ये एका बाईंना सांगत होती, "आमचा ओटा लहान पडतो हो, म्हणून सगळं अडकतं." त्या बाईंनी आमच्याकडे किचनचं काम निघालंय असं समजून गवंड्याचा नंबर दिला.

विरोध केला तो फक्त बाबांनी. हे नवल होतं, कारण बाबा निवृत्त झाल्यापासून कशालाच विरोध करत नाहीत, नुसते पेपर वाचतात आणि डोळा लागला की पेपर पोटावर ठेवतात. "एवढं स्पष्ट कशाला हवं?" ते म्हणाले. "माणसाने थोडं अंधुक बघावं. संसार टिकतो." मग म्हणाले, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची उंची जास्त आहे. टेप घेऊन कोपरा मोजून आले. मग म्हणाले, वीज खूप खाईल. मग म्हणाले, पंख्याच्या आवाजाने माझी झोप जाईल. मग एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गो, जेवणाच्या बाजूचं पण दिसतं काय त्यात? आइसक्रीमचं काउंटर वगैरे?"

"दिसतं की. का?"

"काय नाय. असंच. कॅमेऱ्याची माहिती असावी माणसाला."

बाबांना डायबेटिस आहे. पण त्या वेळी माझं लक्ष ग्राफिक्स कार्डात होतं.

दोन पर्याय उरले. एक, लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराकडून सुटे भाग निवडून जोडून घ्यायचा. दोन, कंपनीचा तयार घ्यायचा. मी इंटरनेटवर इतके व्हिडिओ बघितले की शेवटी मला दोन्हींची भीती वाटू लागली. एक तरुण सांगायचा की तयार घेणारे मूर्ख असतात. दुसरा तसाच तरुण, तशाच निळ्या दिव्यांसमोर बसून सांगायचा की जोडून घेणारे मूर्ख असतात. भाऊ फोनवर म्हणाला, "लायटिंगवाला घे, मस्त दिसतो." त्याच्या लग्नावरून एवढं चाललं होतं आणि त्याला लायटिंग हवं होतं.

"कौल लावू या," आई म्हणाली.

आमच्या गावी कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आजवर आमच्या घराण्यात जमिनी, मुली, नोकऱ्या आणि एक म्हैस यांसाठी कौल लागला होता. कॉम्प्युटरसाठी पहिल्यांदाच.

गुरवांना फोन लावला. मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आम्ही तिघं समोर हात जोडून बसलो. आईने आधी मागचा हिशोब विचारला. "तो माझ्या चपलांचो नारळ फोडल्यात मां?"

"फोडलंय, फोडलंय," गुरव म्हणाले.

हा चपलांचा नारळ म्हणजे असा. लग्नासाठी आईने दादरहून सोनेरी पट्ट्याच्या नव्या चपला घेतल्या होत्या. विधींसाठी स्टेजवर जाताना त्या पायरीशी काढाव्या लागल्या आणि पुढचा सगळा वेळ तिचा अर्धा जीव चपलांत होता, कारण हॉलमध्ये चपला जातात. तिने मनातल्या मनात देवाला नारळ बोलला. खाली उतरली तर चपला पायरीशी जोडीने, नीट, तोंड बाहेर करून ठेवलेल्या. कुणीही पाय सरकवावा आणि चालू लागावं अशा. "देवानेच सांभाळल्या," असं आई तेव्हापासून येईल त्याला सांगत होती.

"हां, आता बोला," गुरव म्हणाले.

"दोन कॉम्प्युटर आसत," आई म्हणाली. "एक जोडून देतत, एक तयार. खंयचो घेव?"

"देवाक खंयचो असा इचारूचा नाय. होय-नाय असा इचारा." त्यांनी घसा खाकरला. "बा म्हाराजा! ही तुजी लेकरा थंय मुंबैक ऱ्हवतत. त्येंका एक यंत्र घेवचा आसा. ता दुकानात जोडून घेतला तर बरा व्हयत, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं डब्याला म्हणालो.

मग काहीच नाही. फोनमधून देवळातली घंटा ऐकू आली, कावळा ऐकू आला, गुरवांचं खोकणं ऐकू आलं. "पडाक नाय," ते म्हणाले. अजून थोडा वेळ गेला. "दोनय पाकळ्यो तशेच आसत."

"देव पण हँग झाला वाटतं," बाबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी दोन्ही कान धरले.

"बाये," गुरव म्हणाले, "मनात दुसरा कायतरी हा तुज्या. ता आदी मोकळा कर. तेच्याशिवाय तो बोलाचो नाय."

 आईने फोन हातात घेतला, स्पीकर बंद करायचा प्रयत्न केला, तो तिला जमला नाही, म्हणून तिने फोनभोवती पदर धरला आणि आम्हा दोघांना साफ ऐकू येईल अशा आवाजात कुजबुजली. "बहिणीचा इचारा. त्या यंत्रात सगळा स्पष्ट दिसात काय? आणि ती माझ्याशी बोलात काय?"

गुरवांनी विचारलं. पाकळी लगेच पडली. उजवी. "अरे वा!" गुरव स्वतःच म्हणाले. पाठोपाठ जोडून घ्यायच्या कॉम्प्युटरलाही उजवाच कौल मिळाला. आई पदराने डोळे पुसत होती. बाबा "सगळं स्पष्ट दिसणार" हे ऐकून सोफ्यावर मटकन बसले. मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे, पण देवाने माझ्या मनातलाच पर्याय निवडला होता, त्यामुळे मी श्रद्धेवर वाद घातला नाही.

दुकानात मी एकटी गेले असते तर अर्ध्या तासात काम झालं असतं. आई आली. "कौल मी लावलाय," असं तिचं म्हणणं.

इथे दोघी बहिणींच्या खरेदीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या आयुष्यभर जोडीनेच खरेदी करत आल्या आहेत आणि कामं वाटून घेतलेली आहेत. मावशी भाव ऐकून ताडकन उठते, "चल गो, नको," म्हणत दुकानाबाहेर पडते. आई जागची हलत नाही. ती चेहरा पाडून दुकानदाराला म्हणते, "ती अशीच आहे हो. जरा कमी करा, मी तिला बोलावते." दुकानदार कमी करतो, आई हाक मारते, मावशी उपकार केल्यासारखी परत येते. साड्या, कुकर, भावाच्या लग्नाचा हॉल, सगळं असंच ठरलं.

लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानात आईने आधी दुकानदाराला घाम फोडला. त्याने मॉनिटर दाखवायला एट-के पोपट लावला. पीस न्‌ पीस दिसत होतं. "पोपट नको," आई म्हणाली. "माणूस दाखवा. स्टेजवरचा. हात हलवणारा."

"आंटी, कौनसा हाथ?"

"बाईचा. बांगड्यावाला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी कॅबिनेटच्या दिव्यांकडे बघितलं.

सगळे भाग ठरले आणि त्याने एकूण भाव सांगितला. आई ताडकन उठली. "चल गो, नको!" असं म्हणून ती थेट दुकानाबाहेर जाऊन फुटपाथवर उभी राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं असावं की आत चेहरा पाडून बसायला कोणी नाही. तो चेहरा तर ती बाहेर घेऊन गेली होती. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मम्मी गुस्सा हो गई क्या?" मला काय करायचं ते माहीत होतं, पण बोलायची वेळ आली तेव्हा "ती अशीच आहे हो" हे माझ्या तोंडून इतकं खरं निघालं की त्याला माझी दया आली आणि भाव कमी न करता त्याने एक माऊसपॅड फुकट दिलं.

मी बाहेर आले. आई हाकेची वाट बघत होती, पण तोंड दुकानाकडे नव्हतं. ते गिरगावच्या रस्त्याकडे होतं. मावशीचं घर तिथून चालत जाण्यासारखं आहे. "जाऊ या का?" मी विचारलं. "पुरावा आल्याशिवाय नाही," ती म्हणाली. टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "ती असती तर हेडफोन सुटला असता." मग सबंध रस्ता माऊसपॅड मांडीवर घेऊन बसली.

कॉम्प्युटर घरी आला. शिवणयंत्राच्या जागी बसला. आईने हळदकुंकू वाहिलं, बाबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्या यंत्राक कोणाची नजर लागा नको, ह्येच्यावर काम करतल्या लेकराचे डोळे नीट ऱ्हवांदेत, आणि म्हाराजा, जा दाखवूचा नाय ता ह्या यंत्रान दाखवू नये, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी सवयीने म्हणाले. आई म्हणाली नाही.

दुपारी पडदे ओढून आम्ही बसलो. फाईल उघडली आणि लोण्यासारखी चालू लागली. मला इतका आनंद झाला की मी क्षणभर विसरलेच आपण कशासाठी बसलोय. सगळा हॉल होता, झुंबर, फुलं, व्याह्यांच्या कपाळावरचा घाम. मी फॅमिली फोटोच्या जागी आले आणि मोठं करत गेले. आईचा हात आला. बांगड्या होत्या, मोजता येतील अशा. हात वर गेला, बोटं खाली करून हलली.

"बघ! बोलावतेय!" आई ओरडली. "पाठव तिला! आत्ता पाठव!"

बोलावत होती, यात शंका नाही. पण मी जरा आणखी मोठं केलं आणि आईचे डोळे दिसले. ते मावशीकडे नव्हतेच. मी चित्र सरकवत सरकवत आई बघत होती तिकडे नेलं. तिथे बाबा होते. बाबांच्या एका हातात आइसक्रीमचा कप होता आणि दुसऱ्यात, आणखी एक. आईने खूण केल्याबरोबर दोन्ही कप पाठीमागे गेले.

"दोनच खाल्ले," बाबा म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे. "पुढे घे," ती म्हणाली.

पुढे आईच्या हाताने दुसरी खूण केली, झटकल्यासारखी. बाजूला हो, अशी. मावशीने सांगितली तीच. पण ती खूणही मावशीला नव्हती. पायरीजवळ केटररचा एक माणूस ट्रे घेऊन मध्येच उभा होता, त्याला होती. तो बाजूला झाला. त्याच्या मागे मावशी होती, जांभळ्या साडीत. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवलेला होता. चेहरा वर, हसरा. आईने बोलावलं असं तिला वाटलं होतं. मग हात झटकला गेला, आणि तिचं हसू गेलं, आणि पाय खाली आला. सगळं एट-केमध्ये, अगदी स्पष्ट.

आईने तिला बोलावलं नव्हतं. हाकललंही नव्हतं. आईने तिला बघितलंच नव्हतं.

"मागे घे," आई म्हणाली. मी घेतलं. मावशी पुन्हा हसली. पुन्हा पाय खाली आला. "मागे घे." पुन्हा. बाबा कधीच उठून आत गेले होते. तिसऱ्यांदा मी मागे न्यायच्या ऐवजी चुकून पुढे चालू राहू दिलं.

फोटो निघत होता. फ्रेमच्या कोपऱ्यात, जिथे कोणी बघत नाही, तिथे मावशी होती. ती गेली नव्हती. रुमालाने तिने नाक पुसलं. मग इकडेतिकडे बघितलं, खाली वाकली आणि पायरीशी पडलेल्या सोनेरी पट्ट्याच्या चपला उचलल्या. त्या हातात धरून ती उभी राहिली. लोक येत होते, जात होते, फोटो निघतच होते, आधी व्याह्यांसोबत, मग मित्रांसोबत. मावशी कोपऱ्यात दुसऱ्याच्या चपला घेऊन उभी. नव्या साडीवर चपलांचे तळ टेकत होते. शेवटी स्टेजवरची गर्दी हलली, तेव्हा तिने त्या पायरीशी जोडीने ठेवल्या, तोंड बाहेर करून, आणि जेवणाच्या बाजूला न जाता दाराकडे गेली.

मला रडू आलं. मी दुसऱ्यांची लग्नं कापते, रडणाऱ्या आया रोज बघते, माझ्यावर काही परिणाम होत नाही. पण त्या चपलांनी मला रडवलं.

आई म्हणाली, "तो नारळ चुकीच्या ठिकाणी गेला."

दुसऱ्या दिवशी आम्ही गिरगावात गेलो. आईने त्याच चपला घातल्या होत्या आणि पिशवीत नारळ, खण, तांदूळ घेतले होते. चाळीचा जिना चढताना ती काय बोलायचं त्याची तालीम करत होती आणि प्रत्येक मजल्यावर भाषण बदलत होतं. मावशीने दार उघडलं. आधी चपलांकडे बघितलं, मग आईकडे.

"तू माझ्या चपला धरून उभी होतीस," आई म्हणाली. सगळी भाषणं गेली.

"मग? गेल्या असत्या तर बोंबललं कोण असतं? आणि ता पण माकाच फोन करून." मावशीचा आवाज फुटला. "ये आत. दारात काय उभी ऱ्हवतंस."

"मी तुला बघितलंच नाही गो. मी ह्यांना बोलावत होते. व्हिडिओत सगळं दिसलं. मी तुला बघितलंच नाही." आई रडू लागली. "हाकललं असतं तर बरं झालं असतं."

 आईने घाईघाईने तिची ओटी भरली, अर्धे तांदूळ जमिनीवर. मग दोघी इतक्या मोठ्याने रडल्या की शेजारची बाई डोकावून गेली. मी तांदूळ गोळा करत बसले.

चहा झाला. मावशीने पदराने चेहरा पुसला आणि मला विचारलं, "कितीला घेतलंस तो कॉम्प्युटर?"

मी सांगितलं.

"गो बाय माझ्ये!" ती किंचाळली. "लुटल्यान! आणि सोबत काय दिल्यान?"

"माऊसपॅड."

तिने आईकडे असं बघितलं, जणू आई एकटीच चंद्रावर जाऊन आली होती. "इथे दोन पावलांवर मी बसलेय, आणि तू एकटी गेलीस?" ती उठली. "चल. अजून हेडफोन मिळेल. मी उठून बाहेर जाते, तू आत बस."

"आता कशाला? पैसे दिलेत," मी म्हणाले. माझं कोणी ऐकलं नाही. दोघी दाराशी गेल्या. मावशीच्या रोजच्या रबरी चपला कठड्याशी एक इकडे, एक तिकडे पडल्या होत्या. आईचे गुडघे दुखतात, ती वाकत नाही, घरात खाली पडलेला चमचासुद्धा मला उचलावा लागतो. तिने कठडा धरला, हळूहळू खाली वाकली, मावशीच्या चपला उचलल्या आणि जोडीने ठेवल्या, तोंड बाहेर करून.

"ऱ्हवांदे गो, ताई," मावशी म्हणाली. "दिसला माका."

तिने पाय सरकवले आणि दोघी दुकानदाराशी भांडायला जिना उतरू लागल्या.